बिनवासाचं पाणी

आमच्या कसबा पेठेतल्या घरी नळाच्या पाण्याला पावडरीचा वास यायचा. आई हंडा भरताना वाकून वास घ्यायची आणि तो आला की समाधानानं म्हणायची, "येतोय ना वास, मग काळजी नाही." ज्या दिवशी वास नसे, त्या दिवशी पाणी उकळलं जाई आणि नगरसेवकाचा उद्धार होई. शुद्ध पाण्याला वास नसतो हे मी शाळेत पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, त्याचे मार्क घेतले. पुढे स्वतः शाळेत विज्ञान शिकवायला लागल्यावर मुलांकडून घोकूनही घेतलं. विश्वास मात्र आईच्या नाकावरच राहिला.

लग्न होऊन मी धायरीला आले. नवरा बँकेत नोकरीला, पण घर शेतकऱ्याचं. आमच्याकडे ही बातमी कळली तेव्हा काका एवढंच म्हणाले, "जायला पासपोर्ट लागतो का?" आता त्याच धायरीत काकांच्या मुलानं फ्लॅट घेतलाय आणि रोज गर्दीच्या नावानं बोटं मोडतो. पण तेव्हा आमच्या घरामागे शेत होतं आणि शेताच्या टोकाला, टेकडीच्या पायथ्याशी, उंबराखाली झरा होता. काळ्या खडकाच्या फटीतून पाणी यायचं, दगडी कुंडीत साठायचं आणि कुंडीच्या ओठावरून सांडून ओढा होऊन खाली नदीकडे जायचं. ऐन मे महिन्यातही ते थांबायचं नाही. लग्नानंतर पहिल्याच दिवशी सासऱ्यांनी मला तिथे नेलं आणि घरातल्या वडीलधाऱ्याची ओळख करून द्यावी तसं म्हणाले, "हे जिवंत पाणी हाय."

कुंडीच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड होते. साती आसरा. पाण्याच्या देवता. त्यांना रोज हळदकुंकू वाहायचं काम सासूबाईंचं. आमच्या सासरी बाळंतिणीला सव्वा महिना झाला की तिनं बाळाला घेऊन झऱ्यावर जायचं, पाण्याची पूजा करायची आणि पाण्याचा एक थेंब बाळाच्या ओठाला लावायचा. त्यानंतरच तिनं घरातल्या पाण्याच्या भांड्याला हात लावायचा. मला मुलगी झाली तेव्हा हे सगळं माझ्याही वाट्याला आलं. मी कसब्यातली, त्यातून विज्ञानाची शिक्षिका. मनातल्या मनात नाक मुरडतच गेले. पण कुंडी घासूनपुसून लख्ख केलेली होती. सासूबाईंनी बोट बुडवून मुलीच्या ओठाला लावलं, मी ओंजळभर पाणी तोंडाजवळ नेलं आणि थबकले. पावडरीचा वास येत होता. आमच्या कसब्यातल्या नळासारखा, आईच्या हंड्यासारखा.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "आई, अगदी आमच्याकडच्यासारखा वास येतोय," मी म्हणाले. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लगबगीनं नारळ उचलून माझी ओटी भरायला घेतली.

पंचायतीचा माणूस विहिरीत पावडर टाकतो तशी इथेही टाकत असेल, असं मी धरून चालले. पुढे कितीतरी वर्षं मी हा प्रसंग माहेरी रंगवून सांगत असे. झऱ्यानं मला माहेरच्या वासानं जवळ केलं, वगैरे. ऐकणाऱ्यांना तो आवडायचा.

माझ्या लग्नाच्या सुमारासच शेतं विकली जाऊ लागली होती. आम्ही आमची विकली नाहीत, मुलगी व्हायच्या आधीच त्यावर खोल्यांची इमारत बांधली. भाडेकरू आले. आधी कारखान्यात जाणारे, मग पहाटे रस्त्यावर उभे राहून हिंजवडीच्या कंपनीची बस पकडणारे. खोल्यांचे मजले चढत गेले. इमारतीच्या मागे, टेकडीकडच्या अंगाला, संडासाची टाकी खणली होती. गवंडी म्हणाला होता, इथे मुरूम चांगला आहे, पाणी आपोआप जिरून जाईल. ते कुठे जिरेल, हा प्रश्न कुणी विचारला नाही. टाकी झऱ्याच्या वरच्या बाजूला होती, हे सगळ्यांना दिसत होतं. दिसणं आणि बघणं यांत आमच्या घरात बरंच अंतर होतं.

मुलगी शाळेत जायला लागली आणि ओढ्यापलीकडची जमीन एका बिल्डरनं घेतली. त्याला ओढा सिमेंटच्या नळात घालून वरून रस्ता न्यायचा होता. नकाशात त्या जागी 'नाला' लिहिलेलं होतं आणि नाला झाकायला फारसं कुणी विचारत नाही. नैसर्गिक झऱ्याचा ओढा आहे असं ठरलं असतं तर मात्र दोन्ही काठांना मोकळी जागा सोडावी लागली असती, पाणी उघडं वाहू द्यावं लागलं असतं, आणि त्यात कुणाचं सांडपाणी सोडता आलं नसतं. आळीतल्या सगळ्यांनी मिळून हरकत घेतली. सासरे पुढे होते. बिल्डरच्या माणसांचं म्हणणं असं की हा झरा वगैरे काही नाही, वरच्या रस्त्याला पाण्याची मोठी लाइन फुटलीय, तिचं पाणी झिरपतंय. तेव्हा पाण्याची तपासणी करायचं ठरलं.

हे सगळं पुरुषांच्या बैठकीत ठरलं. घरातल्या बायकांपर्यंत एवढंच आलं की सोमवारी मॅडम येणार आहेत, पाणी तपासणार आहेत. मला नवऱ्यानं लाइन फुटल्याचा मुद्दा सांगितला होता. सासूबाईंना कुणी काही सांगितलं नाही. त्यांना सांगायची पद्धत नव्हती.

गाव महापालिकेत जायच्या आधी सासूबाई महिलांच्या जागेवरून पंचायतीच्या सदस्य होत्या, हे इथे सांगायला हवं. सभेत त्यांना खुर्ची असे, पण बोलायला कुणी सांगत नसे. एक काम मात्र त्यांच्याकडे आलं होतं. पावसाळ्यात गावच्या विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची पावडर पडते की नाही ते बघायचं. पावडर टाकून झाली की बाटलीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की त्यात पावडर आहे, म्हणजे ते पिण्याजोगं. पिवळं न झालं तर पावडर टाकणाऱ्यानं सदस्यबाईंची बोलणी खायची तयारी ठेवायची. हे काम त्यांनी इतक्या इमानानं केलं की गावातल्या लहान पोरांनाही पिवळं म्हणजे पास हे ठाऊक झालं होतं.

सोमवारी मॅडम आल्या. प्रयोगशाळेतल्या अधिकारी, बरोबर बर्फाचा डबा आणि बाटल्या. मी शाळेतून रजा घेतली होती, शिकलेली सून म्हणून मला पुढे उभं केलं होतं. अख्खी आळी जमली होती. बिल्डरचा माणूसही होता, पांढरे शूज घातलेला, सगळ्यांना दादा म्हणणारा. मॅडमनी एका छोट्या नळीत कुंडीतलं पाणी घेतलं, खिशातून औषधाची कुपी काढली आणि थेंब टाकले.

पाणी पिवळंधमक झालं.

आळीनं टाळ्या वाजवल्या. खरोखरच्या टाळ्या. मागून कुणीतरी म्हणालं, "पास! पाणी पास झालं!" सासऱ्यांनी टोपी सारखी केली आणि बिल्डरच्या माणसाकडे बघितलं. तो हसत होता. तो हसत का होता हे आळीला कळेना. मला कळलं. झऱ्याच्या पाण्यात पावडर असत नाही. नळाच्या असते.

"झालं तर मग," तो माणूस म्हणाला. "लाइनचंच पाणी आहे. टाळ्यासुद्धा वाजल्या."

मॅडमनी नळी उजेडात धरली, नाकाजवळ नेली. मग सगळ्यांकडे बघून विचारलं, "यात कुणी काही टाकलंय का?"

सासरे पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागले. ज्या लोकांनी आत्ता टाळ्या वाजवल्या तेच आता एकमेकांच्या मागे सरकत होते. तेवढ्यात उंबराच्या बुंध्याजवळून सासूबाई पुढे आल्या. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला.

"म्या टाकली," त्या म्हणाल्या. "पावडर. सकाळीच टाकली."

"का टाकलीत?"

"तुमी येनार म्हून."

लोक हसले. हसणाऱ्यांत आमचेही होते. बिल्डरच्या माणसाला तर हसू आवरेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सासूबाईंची लाज वाटली, झऱ्याची काळजी नंतर. मॅडम मात्र हसल्या नाहीत. नळीतलं पाणी त्यांनी मातीत ओतलं. म्हणाल्या, "आजचं काहीच धरता येणार नाही. मी परत येईन. कधी येईन ते सांगणार नाही." मग सासूबाईंकडे वळून त्या जरा हळू आवाजात बोलल्या. "आजी, चांगलं पाणी असं एकच काही नसतं. प्यायला वेगळं बघतात, आंघोळीला वेगळं, शेताला वेगळं. आणि झरा आहे की नाही ते बघायचं असेल तर तो जसा आहे तसाच दिसावा लागतो."

"जसा हाय तसा?" सासूबाईंनी विचारलं.

"तसाच."

सासूबाईंचा चेहरा उतरला. बोलणी खाल्ल्यामुळे उतरला, असं मला वाटलं.

पुढचे काही दिवस आळीत आमची चांगलीच करमणूक झाली. वाण्याच्या दुकानात मला विचारलं गेलं, "काय बाई, पावडर देऊ का?" सासूबाईंनी बाहेर पडणं सोडलं. आसरांना हळदकुंकू वाहायला त्या झुंजुमुंजू व्हायच्या आत जाऊन येऊ लागल्या. एके दिवशी जेवताना त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "आधी टाकी उपसा. त्या बाई यायच्या आत."

"कशापायी? तपासनी बिल्डरची हाय, आपली न्हाई."

"तरी उपसा."

"तिकडं हरकतीचा खर्च, हिकडं टाकीचा? गप जेव तू."

नवरा म्हणाला, आधी बिल्डरचं निस्तरू, मग टाकीचं बघू. मी काय म्हणाले ते आठवत नाही. बहुधा वरण वाढत होते.

मॅडम परत आल्या त्या दिवशी पाऊस थांबून ऊन पडलं होतं. त्यांनी थेंब टाकले. पाणी जसंच्या तसं राहिलं. आळीचे चेहरे पडले, कारण इतक्या वर्षांची सवय. मॅडम पहिल्यांदाच हसल्या. "हा झरा आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी बर्फाच्या डब्यातून दुसरी बाटली काढली. झाकणाला आतून बोट लागू न देता ती खडकाच्या फटीपाशी धरली, भरली आणि पुन्हा बर्फात ठेवली. सासऱ्यांनी पेढे मागवले. सासूबाई घरातून बाहेर आल्या नाहीत.

सुनावणी महापालिकेतल्या साहेबांसमोर, एका लांबट खोलीत झाली. पंखे मोठ्यानं फिरत होते, त्यामुळे प्रत्येकाला ओरडून बोलावं लागत होतं. अहवाल आला होता आणि तो वाचायला बिल्डरचे वकीलच उभे राहिले. पाणी नैसर्गिक झऱ्याचं आहे, लाइनचं नाही, हे त्यांनी भरभर वाचलं. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. मग त्यांनी चष्मा पुसला. पुढचं त्यांनी सावकाश वाचलं, पंख्यावर आवाज चढवून. पाण्यात विष्ठेतले जंतू सापडले आहेत. पिण्यासाठी तर नाहीच, आंघोळीसाठीही हे पाणी ठरलेल्या निकषात बसत नाही. सर्वांत जवळची मलपाण्याची टाकी झऱ्याच्या वरच्या अंगाला असून ती अर्जदारांच्या मालकीच्या इमारतीची आहे.

"म्हणजे साहेब," वकील म्हणाले, "ज्यांनी हरकत घेतलीय त्यांच्याच संडासाचं पाणी. याला झरा म्हणायचं तर म्हणा. आमचं म्हणणं इतकंच, की असलं पाणी झाकलेलंच बरं."

खोलीत हशा पिकला. आमच्या आळीतले लोकही हसत होते, कारण टाकी आमची होती, त्यांची नव्हती. सासऱ्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि ती फिरवत राहिले. नवरा खिडकीबाहेर बघत होता. मी जमिनीवरच्या फरशा बघत होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक का म्हणतात ते मला त्या खोलीत समजलं. मी मुलांना पाण्याचं प्रदूषण शिकवत होते. फळ्यावर कारखान्याचं चित्र काढत होते, धुराडं, नळा, नदी. त्या चित्रात माझं घर मी कधी काढलं नव्हतं.

साहेबांनी विचारलं, अर्जदारांना काही सांगायचंय का. सासरे उठले नाहीत. सासूबाई उठल्या. पंचायतीच्या सभेत इतकी वर्षं खुर्चीत बसून ज्या कधी बोलल्या नव्हत्या, त्या साहेबांच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. पदर पार डोळ्यांवर आलेला.

"घान आमची हाय साहेब," त्या म्हणाल्या. "झरा आमचा न्हाई. त्यो आमच्या आधीपासून हाय. आमाला काय करायचं ते करा. त्याला कोंडू नका."

कुणी हसलं नाही.

निकाल लागायला वेळ लागला, पण ओढा उघडा राहिला. दोन्ही काठांना मोकळी जागा सोडायचं ठरलं आणि आम्हाला टाकी बुजवून रस्त्यावरच्या ड्रेनेजला जोडणी घ्यायचं फर्मान आलं. खोदकामात भाडेकरूंचे हाल झाले, निम्मे सोडून गेले. पलीकडे बिल्डरनं इमारती बांधल्याच, ओढ्यापासून हटून, आणि जाहिरातीत झऱ्याचा फोटो टाकला. कुंडीपाशी 'पाणी पिण्यास अयोग्य' अशी पाटी लागली. ती आमच्याच अंगणात रंगवली. पुण्यात पाटी लावायला कुणाला लाज वाटत नाही, पण ती खिळे ठोकून बसवताना नवऱ्यानं मागे कोण बघतंय का ते दोनदा पाहिलं.

टाकी बुजवत होते त्या दुपारी सासूबाई आणि मी ओट्यावर शेंगा निवडत बसलो होतो. माझ्या मनात बरेच दिवस घोळत होतं ते मी विचारलं.

"आई, त्या दिवशी मॅडम येणार म्हणून तुम्ही पावडर टाकलीत. पहिल्यांदाच टाकलीत का?"

त्या शेंगा सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "खोल्या झाल्या आन् दुसऱ्या साली पाण्याला वास यायला लागला. शेवाळ धरलं. म्या यांना सांगितलं. हे म्हनले, तुला काय कळतंय. पंचायतीची पावडर उरलेली व्हती घरात. पूजा असंल तवा टाकायची. वास मरायचा."

"माझ्या पूजेला?"

"तुज्या लेकराच्या ओठाला लावायचं व्हतं," त्या म्हणाल्या. "तू शिकलेली. तुला कळंल म्हून जीव मुठीत धरून उभी व्हते. तू म्हनलीस, आमच्याकडल्यावानी वास येतोय. मी आसरांचे पाय धरले मनातल्या मनात."

मी उठून आत गेले आणि बराच वेळ मोरीत नळ सोडून उभी राहिले. माहेरी रंगवून सांगितलेला तो प्रसंग मी त्यानंतर कुणाला सांगितला नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. सासरे गेले. दर मोसमाला प्रयोगशाळेतून कुणीतरी येतं आणि बाटली भरून नेतं. कधी पाणी आंघोळीच्या निकषात बसतं, कधी नाही, कारण आता टेकडीवरही इमारती चढल्यात आणि त्यांच्या टाक्यांचं कोण बघतं ते मी विचारायला जात नाही. कोणत्या तोंडानं विचारणार? मागच्या एका खेपेला पिण्याच्या निकषाच्या अगदी जवळ आलं होतं. ती बातमी सासूबाईंनी आसरांना जाऊन सांगितली.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीच्या बाळाला सव्वा महिना झाला. मुलगी हिंजवडीला नोकरी करते, इंग्रजीत स्वप्नं बघते, पण पूजा मात्र झऱ्यावरच करायची म्हणून हटून बसली. आम्ही चौघीजणी गेलो. चौथी ती पिटुकली. सासूबाईंना आता दोन बाजूंनी धरावं लागतं, त्यांना कुंडीच्या काठाशी बसवलं. मी कुंडी घासली. मुलीनं हळदकुंकू वाहिलं, दिवा लावला, आणि बोट पाण्यात बुडवून बाळाच्या ओठाकडे नेलं.

मी तिचं मनगट धरलं.

"काय गं आई? फक्त एक ड्रॉप. मला नव्हता का लावला?"

मी ओंजळीत पाणी घेतलं आणि वास घेतला. कसलाच वास नव्हता. ना शेवाळाचा, ना पावडरीचा. पाणी थंड होतं, त्यातून हाताच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. शाळेत आयुष्यभर जे शिकवलं ते माझ्या ओंजळीत होतं आणि मला त्याची भीती वाटत होती. माझी मुलगी माझ्याकडे बघत होती.

सासूबाईंनी विचारलं, "या बारीचा रिपोर्ट आला का?"

"नाही आला अजून, आई. पुढच्या आठवड्यात येईल."

"मंग थांबू," त्या म्हणाल्या.

त्यांनी हात पुढे केले. मी मुलीच्या हातातलं बाळ घेऊन त्यांच्या मांडीवर ठेवलं. ज्या बाईनं आयुष्यात कधी आसरांना ताटकळत ठेवलं नव्हतं, तिनं पदर कपाळावर ओढला आणि त्या सात दगडांकडे पाठ करून ती बाळाला घेऊन बसून राहिली. मी दिवा वाऱ्यानं विझू नये म्हणून हाताचा आडोसा धरला. मुलगी अजून ओल्या बोटानं तशीच उभी होती.